गुरुवारच्या ओसरीवरचा दाखला

हिंगोलीच्या एका खाजगी मराठी शाळेच्या मोठ्या गुरुजींनी मला फसवलं, आणि ज्या कारकुनांच्या घरी मी दर गुरुवारी जेवत होतो त्यांनी ती फसवणूक आपल्या हाताने लिहून दिली. दोन वर्षं मी तिसरीचा वर्ग शिकवला. कागदावर मी दोन वर्षं घंटा वाजवली. गुरुजी केव्हाच गेले. मेलेल्याशी मी भांडत नाही. कारकून अजून आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

मी वाशीमकडचा. बाप लहानपणी गेला, सातवी मी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोरे वाहून पास केली. मला मास्तर व्हायचं होतं. त्यासाठी आमच्याकडच्या नॉर्मल स्कुलात नंबर लागावा लागे, आणि माझे मार्क बेताचे. ज्याने कुठल्याही शाळेत दोन वर्षं उमेदवारी केली असेल त्याला आधी घेत. उमेदवारी म्हणजे पगाराशिवाय वर्ग सांभाळायचा आणि शेवटी दाखला घ्यायचा. आमच्या भागात उमेदवारांच्या जागा ज्यांचे काका-मामा बोर्डात होते त्यांनी आधीच धरलेल्या. मला मामा होता, पण तो मेंढरं राखायचा.

तेव्हा कोणीतरी सांगितलं की पैनगंगेपलीकडे निजामाच्या मुलखात, हिंगोलीला, गावातल्या लोकांनी मराठी शाळा काढली आहे आणि तिथे शिकवायला माणूस मिळत नाही. जर्मन-जपानची लढाई संपत आली होती. मी पत्र्याची पेटी उचलली आणि निघालो.

नदीपलीकडे जाणं म्हणजे तेव्हा परदेशी जाणंच होतं. कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, जवान पेटी उघडून बघत, कापड मोजत. आमचा कलदार रुपया तिकडे बदलून घ्यावा लागे, आणि बदलून देणारा आपल्या तोंडाकडे बघून भाव ठरवी. कचेरीची भाषा उर्दू. सालाची गणती वेगळी, फसली; महिन्यांची नावं मी कधी न ऐकलेली. शाळेला सुट्टी रविवारी नाही, शुक्रवारी. पहिले दोन महिने मी रविवारी उठून स्वस्थ बसायचो आणि मुलं बोलवायला यायची. गावात मला नाव पडलं, ‘इंग्रजीतला मास्तर’. इंग्रजी मुलखातला म्हणून. इंग्रजीचं एक वाक्य मला धड येत नव्हतं.

मोठे गुरुजी म्हणजे शाळेचे मुख्य. ठेंगणे, काळी टोपी, तोंडात कायम सुपारीचं खांड. त्यांच्याशी माझा पहिला व्यवहार शाळेच्या पायरीवर झाला.

“दोन वर्षं शिकवायचं,” ते म्हणाले. “जेवणाला सात घरं लावून देतो, वाराला एक. झोपायला मागची खोली. शेवटी दाखला.”

“उपासाच्या दिवशी?”

“उपासाला उपास.”

“तो त्या घरचा. मी धरलेला न्हाई.”

त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. “एकादशीला भगर देतील.”

“दोन्ही वेळा. अन् पोटभर.”

“वऱ्हाडातला शोभतोस खरा,” ते म्हणाले आणि हसले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “उर्दू येते का रे तुला?”

इथे मी खोटं बोललो. म्हणालो, “येते की, कामापुरती.” बाजारात बोलण्यापुरती येतच होती, वाशीमच्या बाजारात निम्मे कसाई आणि बागवान तीच बोलत. अक्षर मात्र एकही ओळखीचं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर भगर एका वेळेवर आली असती, असा माझा हिशेब. समोरच्याला आपली उणी बाजू दाखवायची नाही, हे मी जिनात शिकलो होतो.

शाळेचं हजेरीबुक उर्दूत होतं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं सही करत जा.” मी मराठीत सही केली. वरच्या ओळींत काय लिहिलंय, ते मी विचारलं नाही. विचारायचं तर वाचता येत नाही हे कळलं असतं. मी सर्वांत नवा, म्हणून सर्वांत खाली, अशी समजूत करून घेतली.

माझा स्वभाव संशयी नव्हता असं कोणी म्हणणार नाही. उलट दोन वर्षं मी संशयावरच जगलो. शनिवारच्या घरचं ताक पाणी घालून वाढवलेलं आहे, हे मी पहिल्या घोटाला ओळखलं आणि तसं बोललोही. तिथून पुढे मला ताकच मिळालं नाही. रॉकेलवाला माप वाकडं धरतो, म्हणून मी स्वतःची बाटली खूण करून नेत असे. माझ्या खोलीच्या कडीला मी जाताना दोरा बांधून जायचो, कोणी उघडली तर कळावं म्हणून. गुरुजींचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे आणि उशिराची नोंद करायला ते मुद्दाम तसं ठेवतात, असाही मला दाट वहीम होता. फक्त हजेरीच्या त्या खालच्या ओळीचा मला वहीम आला नाही. तिथे रोज मी माझ्या हाताने सही करत होतो.

तिसरीत चाळीसच्या आसपास मुलं. हातच्याची बेरीज त्यांच्या डोक्यात जात नव्हती. आधीचे मास्तर छडीने शिकवत. मी पऱ्हाटीच्या काड्या आणल्या, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या. बोटभर लांबीच्या तोडल्या, दहा-दहांच्या जुड्या सुताने बांधल्या. सुट्या काड्या एका डब्यात, जुड्या दुसऱ्या डब्यात. सुट्या दहा झाल्या की मुलाने स्वतः जुडी बांधायची आणि उठून पलीकडच्या डब्यात टाकायची. उठून चालत गेलं की हातचा कुठे गेला ते पायांना कळतं. आठ दिवसांत वर्ग बेरीज करायला लागला. एका पोराने तर घरी बापाच्या विड्यांच्या जुड्या सोडून मोजल्या आणि मार खाल्ला.

हे मी फुशारकीने सांगत नाही. हे मला येत होतं, एवढंच. वर्गासमोर उभा राहिलो की माझा राग कुठे जायचा कोण जाणे. आयुष्यात एवढं एकच काम मी न चिडता केलं.

गुरुवारचं घर कचेरीतल्या कारकुनांचं. उंच, वाकलेले, कानावर टाक. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की तालुक्याचे अर्ज लिहून घ्यायला लोक सेनगावाहून येत. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, उशिरा शाळेत घातलेली म्हणून बाकीच्यांपेक्षा मोठी. मी कुणब्याचा, म्हणून माझं पान ओसरीवर मांडत आणि जेवल्यावर ताट मीच विसळून ठेवायचं. इतर घरी मला याचा राग यायचा. इथे यायचा नाही, कारण काकू वाढताना हात आखडत नसत. त्या दाराआडून वाढत आणि दाराआडूनच बोलत.

“मास्तर, भाकरी आणखी घ्या. संकोच करून राहिले का?”

“संकोच न्हाई काकू. मोजून खाऊन राहिलो.”

“मग मोजणं चुकलं तुमचं. ही तिसरीच.”

कारकूनकाका एकदा ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तर, आमच्या पोरीला हातचा कळला तो तुमच्या काड्यांनी. आता घरात जळणाच्या पण जुड्या बांधून राहिली. चूल पेटवायची तर आधी सूत सोडा.” ते मनापासून हसले. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. ते साक्षीचं वाक्य आहे. मी तिसरीला शिकवतो हे त्यांना ठाऊक होतं, याला त्यांचीच साक्ष.

दुसऱ्या वर्षी तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचे साहेब शाळा तपासायला यायचे होते. आदल्या दिवशी गुरुजींनी मला बोलावलं.

“तू गैरमुल्की,” ते म्हणाले. “बाहेरच्या मुलखातल्याला ठेवलं म्हणून साहेब मला विचारतील. उद्या वर्ग माझा पुतण्या घेईल. तू बाहेर पाण्याचं बघ.”

“पाण्याचं?”

“एक दिवसाचा प्रश्न आहे. का परवा कनेरगावच्या पलीकडं जायचंय?”

पुतण्या नांदेडला एका पेढीवर असे. वर्षातून दोनदा दिसायचा. सकाळच्या गाडीने तो उतरला, इस्त्रीची शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी. मला वहीम आला तो असा, की हा माझ्या काड्या चोरणार. माझी युक्ती स्वतःच्या नावावर खपवणार. म्हणून मी पाण्याचा लोटा घेऊन वर्गाच्या दारातच उभा राहिलो आणि डब्यांवर नजर ठेवली. त्याने सुट्या काड्यांच्या डब्यातून जुडी काढायला हात घातला. मुलंच म्हणाली, “मास्तर, तिकडं, तिकडं.” मुलांनी बेरीज करून दाखवली, साहेब खूश झाले. बाहेर पडताना त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं आणि विचारलं, “कब से हो यहाँ?”

“दो साल होते, साहब,” मी म्हणालो. उर्दू बोलायची संधी मिळाली याचाच आनंद.

“शाबास,” ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

काड्यांची मी रात्री मोजदाद केली. एकही गेलेली नव्हती. मला वाटलं, आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहिलो म्हणून वाचलो.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात दाखल्याची वेळ आली. गुरुजी म्हणाले, “मराठीत दोन ओळी लिहून देतो, सही करतो. घेऊन जा.”

“शिक्का कुठला?”

“शाळेचा.”

“शाळेचा रबरी शिक्का तिकडं कोण वळखते, गुरुजी? मला तालुक्याच्या तालीम कचेरीचा पाहिजे. अन् लिहायचं ते दरबारी भाषेत.”

“उर्दूत?” ते म्हणाले. “मराठीत बरा आहे रे. घे ऐकून.”

“न्हाई. शिक्क्याचा अन् उर्दूतला.”

“मग विचार करावा लागेल.”

तीन दिवस त्यांनी मला झुलवलं. जो माणूस द्यायला इतकी कां-कू करतो त्याच्याकडे माल खरा आहे, हे बाजारातलं गणित मला पक्कं ठाऊक होतं. मी जास्तच अडून बसलो. म्हणालो, दाखला असाच मिळाला नाही तर उरलेले दिवस वर्ग घेणार नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात टेकल्यासारखं केलं. “बरं बाबा. गुरुवारी कारकुनांकडून लिहून घेऊ, त्यांचं अक्षर चांगलं आहे. शिक्का मी आणवतो.” त्या दिवशी मी शाळेच्या मागे जाऊन एकटाच हसलो. आपण गुरुजींना वाकवलं.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर ओसरीवर मी, गुरुजी आणि कारकूनकाका. मी जेवून हात धुतलेले. गुरुजी हळू आवाजात सांगत होते आणि काका लिहीत होते. मी दोन हात लांब बसलो होतो. सांगणं कचेरीच्या फारसी शब्दांनी भरलेलं. मला त्यातला ‘मदरसा’, म्हणजे शाळा, कळला, ‘दो साल’ कळलं, ‘इमानदारी’ कळलं. एवढ्यावर मी मान डोलावत होतो. एकदा काकांचा टाक थांबला. त्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, “लिहा, लिहा. दप्तराशी बराबर आहे.” टाक पुन्हा चालू झाला.

लिहून झाल्यावर काकांनी कागद माझ्यापुढे धरला. “बघा, मास्तर.”

मी कागद घेतला. कपाळ आक्रसलं, ओठ हलवले, आणि एकेक ओळीखालून बोट फिरवलं. शेवटपर्यंत. मग कागद कपाळाला लावला आणि म्हणालो, “एकदम बराबर.”

काका माझ्या बोटाकडे बघत होते. ते मला आजही दिसतं.

गुरुजी कागद घेऊन शिक्क्यासाठी गेले, काका आत गेले. मी ताट विसळत होतो. दाराआडून काकू म्हणाल्या, “मास्तर, तो कागद घेऊन जाण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या. मशिदीजवळचे मौलवी चांगले आहेत. तकलीफ मानत न्हाईत.”

“काहून? मला येते वाचता.”

“येते तर चांगलंच आहे.”

“कोणी काही बोललं का माझ्याबद्दल?”

“मी कशाला कोणाचं ऐकू. सहज म्हणलं.”

मला राग आला. या बाईने दोन वर्षं माझ्यावर पाळत ठेवली आणि मी उर्दू वाचत नाही हे ताडलं, आता गावभर करणार. ताट मी आपटून ठेवलं. पुढच्या गुरुवारी मी जेवायला गेलो नाही. तो माझा तिथला शेवटचा गुरुवार होता. नंतर कळलं की त्यांनी त्या दिवशी पुरण घातलं होतं.

निघालो तेव्हा पेटीत दाखला सर्वांत वर, धोतराच्या घडीत. त्या घडीत आणखी दोन कोरी धोतरं होती. कापडावर कंट्रोल होता, सरहद्दीपार कापड नेणं गुन्हा. कनेरगावच्या नाक्यावर जवानाने पेटी उघडली. तरुण, पान खाल्लेला. धोतरावर हात ठेवायच्या आधी त्याच्या हाताला दाखला लागला. त्याने उभ्यानेच वाचला आणि दात काढले.

“तू मास्टर बोल रहा था न रे?”

“हौ. मास्टरच.”

“इसमें तो खिदमतगार लिखा है. घंटी देना, पानी भरना.” त्याने बोटाने ओळ दाखवली. “देख, ये. तेरे को पढ़ना आता कि नहीं?”

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो. नाक्यावरचा माणूस, पेटीत कंट्रोलची दोन धोतरं. मला वाटलं, हा डाव आहे. आधी कागद खोटा म्हणून घाबरवायचं, मग धोतरावर यायचं. मी म्हणालो, “वाचता येते मला. पुढचं बोल.”

“भाई, मैं सच बोल रहा. वापस जाके बदल ले.”

“तुझं काम कापडाचं. कागदाचं न्हाई.”

“तेरी मर्जी,” तो म्हणाला. मग कागद घडी करून, अगदी सांभाळून, ठेवला आणि पेटी लावली. धोतरांना त्याने हातही लावला नाही. नदी उतरताना मला त्याचा आनंद झाला होता. तिथून मागे फिरलो असतो तर दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या दारात उभा असतो. गुरुजी जिवंत होते, कारकून जिवंत होते, नॉर्मल स्कूल उघडायला महिना होता. दोन वर्षांत मला खरं सांगणारी दोन माणसं भेटली, एक दाराआडची बाई आणि एक नाक्यावरचा जवान, आणि नेमका त्या दोघांवर माझा विश्वास बसला नाही.

नॉर्मल स्कुलात आम्ही वीसेक उमेदवार बाकांवर बसलो होतो. तिथल्या मुख्यांनी माझा कागद उलटसुलट केला आणि शेजारच्या उर्दू शाळेच्या मास्तरांना बोलावलं. ते म्हातारे गृहस्थ मोठ्याने वाचायचे आणि मराठीत सांगायचे. सर्वांसमोर.

“सदर इसम या मदरशात दोन साल खिदमतगार होता. घंटा देणे, पाणी भरणे, मुलांना घरून बोलावून आणणे ही कामं त्याने इमानदारीने केली. चालचलणूक ठीक.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मी त्याच्या अंगावर गेलो. दोघांनी मला धरलं. मुख्य म्हणाले, “बाहेर जा.”

“साहेब, वर्ग द्या माझ्यापुढं. आत्ता. कुठलीही इयत्ता. हातच्याची बेरीज शिकवून दाखवतो.”

“इथं कागदावर चालतं,” ते म्हणाले. आवाज वाईट नव्हता त्यांचा. “हिंगोलीहून दुसरा दाखला आणा. जागा पंधरा दिवस ठेवतो.”

पंधरा दिवसांत मी जाऊ शकलो नाही. आईला पटकी झाली, ती गेली, तेराव्यापर्यंत मी घरी होतो. जागा भरली. त्यानंतर तिकडे रझाकारांचं सुरू झालं. नाक्यापलीकडची माणसं गाठोडी घेऊन आमच्याकडे येत होती. आमच्याकडून तिकडे जाणारा वेडाच ठरला असता. मी पुन्हा जिनात गेलो, तिथून कापसाच्या दलालीत. दलालीत मी पुढे आलो ते कोणाच्या मदतीने नाही. एवढं मात्र खरं की कुठलाही कागद मी दोघांकडून, एकमेकांना न सांगता, वाचून घेतल्याशिवाय सही करत नाही.

अठ्ठेचाळीसच्या शेवटी, निजामाचं राज्य गेल्यावर, मी हिंगोलीला गेलो. कनेरगावच्या नाक्यावर पेटी उघडायला कोणी नव्हतं. मोठे गुरुजी वारले होते. पुतण्या त्याच शाळेत कायम झाला होता, तिसरीचा मास्तर. पण त्याच्याकडे मी गेलो नाही. तो निदान माझ्याशी कधी आपलेपणाने हसला-बोलला नव्हता. मी गुरुवारच्या घरी गेलो. वार मंगळवार होता.

कारकूनकाका ओसरीवरच होते. आता कचेरीत मराठी आणि इंग्रजी सुरू होणार म्हणून ते मराठी अर्जांचे नमुने उतरवून घेत होते. मला बघून टाक कानावर ठेवला.

“या, मास्तर.”

“मास्तर न्हाई झालो. तुमच्या कागदावर कोण मास्तर करते?”

त्यांनी नमुन्यांचे कागद एकाखाली एक सारखे केले.

“पुतण्याचं नाव तिसरीच्या मास्तरच्या ओळीत होतं, व्हय ना? अन् मी खाली सही करून राहिलो ती शिपायाच्या ओळीत.”

“व्हय,” ते म्हणाले. “पुतण्याच्या नावानं सरकारी मदत यायची. दप्तरात मास्तर तो. तुम्हांला शिकवणारा म्हणून शिक्क्याच्या कागदावर लिहिलं असतं तर कचेरीनं विचारलं असतं, मग तो कोण? मराठीत, शाळेच्या कागदावर, गुरुजी खरं लिहिणार होते. मला म्हणाले होते तसं. शिक्का तुम्ही मागितला, मास्तर. उर्दू तुम्ही मागितली.”

हे मला लागलं. अजून लागतं. कारण ते खरं आहे. मी भाव वाढवायला गेलो आणि मालच बदलून घेतला. पण ते गुरुजींच्या बाजूचं उत्तर झालं. मी कारकुनांचं स्वतःचं उत्तर मागायला आलो होतो.

“तुमी लिहिलं.”

“मी नोकर माणूस. सांगितलं ते लिहिलं. अन् लिहून तुमच्या हातात दिलं. तुम्ही वाचलं, कपाळाला लावलं, बराबर म्हणालात. मला वाटलं, तुम्हांला मंजूर आहे. तुमचं अन् गुरुजींचं आपसांत काही ठरलं असेल.”

“तुम्हांला तसं वाटलं?”

“व्हय.”

मी खिशातून दाखला काढला. घड्यांवर फाटत आला होता. त्यांच्यापुढे ठेवला. “आता तुमी वाचा. बोट लावून.”

त्यांनी सवयीने बोट ठेवलं. उजव्या टोकाला. ते डावीकडे सरकायला लागलं, आणि अर्ध्या ओळीत थांबलं.

मी म्हणालो, “त्या दिवशी माझं बोट कोणीकडून कोणीकडं गेलं, काका?”

त्यांनी कागदावरून बोट उचललं. घरात कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मग दाराआडून काकूंचा आवाज आला. “मी सांगितलं होतं तुम्हांला, मास्तर.”

“तुमी सांगितलं, काकू. अन् मी ताट आपटलं. त्याचं मी तुमच्या पायाशी येऊन बोलीन. पण तुम्हांला कोणी सांगितलं होतं? तुम्हांला तर उर्दू येत न्हाई.”

  काकांनी दाखल्याची घडी घातली आणि तो माझ्याकडे सरकवला. म्हणाले, “पोरीचं लग्न ठरलंय. फाल्गुनात. या.”

मी गेलो नाही.

त्यानंतर हिंगोलीच्या बाजारात कापसाच्या निमित्ताने मी दर आठवड्याला जाऊ लागलो. ते दिसतात. आता फार वाकले आहेत. मला बघून नमस्कार करतात, मीही करतो. लोक सांगतात, सज्जन माणूस, कोणाचं वाईट केलं नाही. मी वाद घालत नाही. फक्त मला अजून कळलेलं नाही की ज्यांच्या मुलीला मी शिकवलं, ज्यांच्या ओसरीवर मी दोन वर्षं जेवलो, त्यांनी त्या दिवशी काय विचार केला. भीती वाटली का? गुरुजींचा काही उपकार होता? की ओसरीवर बसणाऱ्या पोराने उर्दू वाचायचं ढोंग करावं, याची नुसती गंमत वाटली? आत जाऊन काकूंना सांगितलंत ते हसत सांगितलंत की वाईट वाटून?

मी खोटं बोललो होतो, कारकूनकाका. ते मी इथे कबूल केलं आहे. आता तुमची पाळी. उर्दू उजवीकडून वाचतात, हे त्या ओसरीवर तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. माझं बोट डावीकडून निघालं आणि पाचही ओळी डावीकडूनच गेलं. तुम्ही ते शेवटपर्यंत पाहिलंत, आणि तुमच्याच हातच्या त्या कागदावर मला बराबर म्हणू दिलंत. का, ते सांगा. मी अजून दर गुरुवारी हिंगोलीच्या बाजाराला असतो.